कागदाकडून डिजिटल दस्तऐवजांकडे : घर, गृहनिर्माण संस्था आणि लहान व्यवसायांसाठी कार्यपद्धती

कागद सोडून डिजिटल दस्तऐवजांकडे वळायचे ठरले की बहुतेकांची चौकशी स्कॅनरपासून सुरू होते. खरे तर त्याआधी हातातल्या प्रत्येक दस्तऐवजाची मूळ प्रत कोणती, हे ठरवणे आवश्यक असते. १९९५ सालच्या खरेदीखताची मूळ प्रत म्हणजे कपाटातला कागद. त्याचा स्कॅन कितीही स्वच्छ निघाला तरी कायद्याच्या दृष्टीने ती छायाप्रतच राहते. याउलट, महाराष्ट्र शासनाने १ मे २०१८ रोजी सुरू केलेल्या सेवेतून पंधरा रुपये भरून उतरवून घेतलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ही मुळात फाइल असते आणि तिच्यावरून काढलेला छापील कागद ही त्या फाइलची प्रत असते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे अनेक कार्यालयांत उलटा प्रवास चालतो : फाइल छापली जाते, छापलेल्या कागदावर गोल शिक्का उमटवून घेतला जातो, तो कागद पुन्हा स्कॅन होतो आणि मूळ फाइल मात्र ‘डाउनलोड्स’मधून कधीतरी पुसली जाते. म्हणून कामाचा आरंभ एका साध्या यादीने करावा. दस्तऐवजाचे नाव, त्याची मूळ प्रत कागदी की डिजिटल, आणि ती सध्या कोठे आहे, एवढे तीन रकाने पुरेसे आहेत. सोसायटीचे कन्व्हेयन्स डीड, मंजूर नकाशे, भाग प्रमाणपत्रांची नोंदवही, सभांची इतिवृत्ते, विमा पॉलिसी, फॉर्म १६ अशी ही यादी करू लागले की तिसरा रकाना भरताना किती अडचण येते, ते आपोआप कळते.

कागदावर काय ठेवावेच लागते

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४ व ५ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीला आणि इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता आहे. कलम १०अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला या कारणावरून करार अमान्य ठरत नाही. तथापि, याच अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत काही दस्तऐवज वगळलेले आहेत. मृत्युपत्र आणि विश्वस्तव्यवस्थेचा दस्त हे त्यांपैकी आहेत. मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या कागदावरच हव्यात, आणि फोनवर ध्वनिचित्रमुद्रण करून ठेवले म्हणून ही गरज संपत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने या अनुसूचीत बदल केला. रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्या नियामकांच्या अखत्यारीतील वित्तसंस्थांच्या नावे दिली जाणारी मागणी-वचनपत्रे (प्रॉमिसरी नोट) व मुखत्यारपत्रे आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालतात आणि स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करारही वगळलेल्या यादीतून बाहेर आला आहे. परंतु शेजाऱ्याने किंवा मेव्हण्याने हातउसन्या रकमेपोटी लिहून दिलेली प्रॉमिसरी नोट या सवलतीत बसत नाही. ती कागदावरच घ्यावी.

परदेशी स्थायिक झालेल्या भावाने पुण्यातील बहिणीच्या नावे दिलेले मुखत्यारपत्रही याच वर्गात मोडते. ते कागदावर करून, तेथील भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून टपालाने पाठवावे लागते आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. त्याची स्कॅन प्रत ईमेलने आली की काम झाले, असे समजून अनेक कुटुंबे ही मुदत गमावतात. पाकीट ज्या दिवशी हाती पडले ती तारीख दाखवणारे कुरिअरचे वेष्टन जपून ठेवणे येथे शहाणपणाचे ठरते.

आणखी एक गोष्ट. कायद्याने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज मान्य असला तरी अमुक शासकीय कार्यालयाने तो त्याच स्वरूपात स्वीकारलाच पाहिजे, असा आग्रह धरण्याचा हक्क कलम ९ नुसार नागरिकाला मिळत नाही. म्हणून जेथे दस्तऐवज द्यायचा आहे तेथे आधी विचारून घ्यावे. खिडकीवर वाद घालण्यापेक्षा ते बरे.

जुन्या कागदांचे स्कॅनिंग

स्कॅनिंग हे कंटाळवाणे काम असल्यामुळे ते घाईने उरकले जाते आणि त्यात नेमका उपयोगाचा भाग सुटतो. मुद्रांकावर केलेला जुना करार घेतला तर पुढील बाजूला मजकूर असतो, पण मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, विक्रीची तारीख आणि खरेदीदाराचे नाव ही नोंद पुष्कळदा मागील बाजूला असते. ती बाजू कोरी समजून सोडली तर मुद्रांक कधी व कोणाच्या नावे घेतला, हे स्कॅनवरून सिद्ध करता येत नाही. नोंदणीकृत दस्ताच्या पानांवर वरच्या कोपऱ्यात दुय्यम निबंधक कार्यालयाचा संक्षेप, दस्त क्रमांक, वर्ष आणि पानाचा क्रमांक असलेला शिक्का असतो. कागद थोडा तिरका बसला की हाच कोपरा कापला जातो. त्यामुळे प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी, कडा दिसतील अशा रीतीने आणि रंगीत स्कॅन करावे. निळी शाई, जांभळा शिक्का आणि तांबडा शेरा यांतील फरक कृष्णधवल प्रतीत नाहीसा होतो.

साध्या छापील मजकुरासाठी प्रति इंच ३०० ठिपके ही घनता पुरते. मोडी लिपीतील जुने फेरफार, पुसट टंकलिखित प्रती आणि हस्तलिखित नोंदी यांसाठी ती ४०० ते ६०० ठेवावी. टाचण्या, पिना आणि चिकटपट्ट्या आधी काढाव्यात, पण शिवलेली नोंदवही उसवू नये. तिची पाने सपाट काचेच्या स्कॅनरवर किंवा वरून छायाचित्र घेऊन टिपावीत. पान आपोआप ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये जीर्ण कागद घालणे म्हणजे तो फाडण्याची व्यवस्था करणे होय. फाइल शक्यतो पीडीएफ-ए या दीर्घकालीन जतनासाठीच्या प्रकारात साठवावी, कारण त्यात अक्षरांचे टंक फाइलीतच समाविष्ट असतात. देवनागरी छापील मजकूर ओळखणारी मोफत साधने आता समाधानकारक काम करतात. त्यांच्यामुळे शोध घेता येतो, मात्र ओळखलेला मजकूर हा केवळ शोधासाठी आहे हे विसरू नये. सातबाऱ्यावरील गट क्रमांकातील एक अंक चुकीचा ओळखला गेला, तर ती फाइल पुन्हा सापडणार नाही. म्हणून फाइलीचे नाव हाताने द्यावे : आधी वर्ष-महिना-दिवस, मग दस्तऐवजाचा प्रकार, मग क्रमांक. ‘स्कॅन नवीन फायनल २’ असे नाव देणाऱ्याला सहा महिन्यांनी स्वतःलाच ती फाइल सापडत नाही.

डिजिलॉकर, म्हणजे दस्तऐवज ऑनलाइन ठेवण्याची शासकीय सेवा, हिच्याविषयी एक भेद येथेच सांगणे योग्य. या सेवेत दोन प्रकारचे दस्तऐवज असतात. संबंधित विभागाने थेट जारी केलेले, आणि आपण स्वतः चढवलेले स्कॅन. २०१७ मध्ये डिजिटल लॉकरविषयीच्या नियमांत समाविष्ट झालेल्या नियम ९अ नुसार पहिल्या प्रकारचे दस्तऐवज मूळ कागदी दस्तऐवजांच्या बरोबरीचे मानले जातात. दुसऱ्या प्रकाराला हा दर्जा नाही. तो केवळ सुरक्षित ठेवा आहे. वाहन परवाना स्कॅन करून चढवण्याऐवजी तो परिवहन विभागाच्या नोंदीतून मागवून घ्यावा.

स्वाक्षरी कोणती घ्यावी

कोऱ्या कागदावर सही करायची, तिचे छायाचित्र काढायचे आणि ते वर्ड फाइलमध्ये चिकटवायचे, या पद्धतीला पुष्कळ लोक डिजिटल स्वाक्षरी म्हणतात. ती तशी नाही. ते चित्र कोणीही उचलून दुसऱ्या कागदावर लावू शकतो आणि ते कोणी लावले, हे फाइलीतून कळत नाही. खऱ्या डिजिटल स्वाक्षरीत संपूर्ण फाइलीचे गणिती सार काढले जाते, ते सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद केले जाते आणि त्याच्या प्रमाणपत्रातील सार्वजनिक किल्लीने कोणालाही तपासता येते. फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी सार जुळत नाही. लखोट्यावरच्या लाखेच्या मोहोरेसारखे हे आहे, फक्त ही मोहोर लखोट्यावर न बसता आतल्या प्रत्येक अक्षरावर बसलेली असते. पानावर दिसणारी चौकट आणि त्यातील नाव ही केवळ वाचणाऱ्याची सोय होय.

सामान्य नागरिकापुढे दोन मार्ग आहेत. पहिला आधारवर आधारित ई-साइनचा. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो भरला की सेवा देणाऱ्या संस्थेच्या सुरक्षित यंत्रणेत त्या एकाच सहीपुरती किल्ली तयार होते, तिच्यासाठी ३० मिनिटांच्या मुदतीचे प्रमाणपत्र निघते आणि सही होताच किल्ली नष्ट केली जाते. वर्षातून चार-दोन वेळा कर्जाच्या किंवा खाते उघडण्याच्या अर्जावर सही करणाऱ्याला हा मार्ग पुरेसा आहे. दुसरा मार्ग यूएसबी टोकनमधील, म्हणजे गुप्त किल्ली साठवणाऱ्या पेन ड्राइव्हसारख्या उपकरणातील, डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्राचा. ई-निविदा भरणारे कंत्राटदार, कंपन्यांचे संचालक, जीएसटी विवरणपत्रे भरणाऱ्या कंपन्या, यांना याच मार्गाने जावे लागते. पूर्वीचे दुसऱ्या श्रेणीचे प्रमाणपत्र १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले असून आता तिसऱ्या श्रेणीचेच मिळते. ते ई-मुद्रा, कॅप्रिकॉर्न, एनकोड यांसारख्या परवानाधारक प्रमाणन संस्थांकडून, ओळखपत्रे आणि चित्रफितीद्वारे पडताळणी झाल्यावर, कमाल तीन वर्षांच्या मुदतीसाठी दिले जाते. निविदा भरणाऱ्यांनी सहीच्या प्रमाणपत्राबरोबर कूटबद्धतेचे (एन्क्रिप्शनचे) प्रमाणपत्रही लागते का, हे निविदेच्या अटींत आधीच पाहावे. शेवटच्या दिवशी दुपारी ते लक्षात आले तर उपयोग नसतो.

टोकन घेतल्यावर ते कर सल्लागाराकडे, त्याच्या पिनसह, ठेवून देण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्यात काही वावगे आहे, असे कोणाला वाटेनासे झाले आहे. माझ्या मते सोयीखातर केलेली ही सर्वांत धोक्याची तडजोड आहे. अधिनियमाच्या कलम ४२ नुसार गुप्त किल्ली सांभाळण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकाची असते आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचे प्रमाणन संस्थेला कळवेपर्यंत तिच्या वापराचे दायित्व त्याच्यावरच राहते. सल्लागार कितीही विश्वासू असला तरी त्याच्या कार्यालयातील ड्रॉवरमध्ये एका दोऱ्यात ओवलेली, चिठ्ठीवर पिन चिकटवलेली पन्नास टोकने असतील, तर त्यातले आपले कोणी केव्हा वापरले, हे सांगता येत नाही. टोकन आपल्याकडे ठेवावे आणि सहीच्या दिवशी स्वतः पिन भरावा.

सही करताना पाळावयाचा क्रम

वर्ड फाइलवर सही करू नये. मजकूर अंतिम करून त्याची पीडीएफ करावी. तारीख, रक्कम, साक्षीदारांची नावे अशा सर्व रिकाम्या जागा सहीपूर्वी भरलेल्या असाव्यात, कारण पहिली सही झाल्यानंतर केलेला कोणताही बदल पडताळणीत उघड होतो. अनेकांच्या सह्या असतील तर फाइल एकाकडून दुसऱ्याकडे त्याच स्वरूपात फिरवावी. प्रत्येकाने आपापल्या प्रतीवर सही करून नंतर पाने जोडायची, ही कागदी सवय येथे चालत नाही. अॅडोबी रीडरमध्ये सही करताना ‘लॉक डॉक्युमेंट आफ्टर सायनिंग’ अशी चौकट दिसते. तीवर खूण फक्त शेवटच्या सही करणाऱ्याने करावी, अन्यथा पुढच्यांना सहीच करता येत नाही. सोसायटीच्या कार्यकारिणीत खजिनदाराने आधी उत्साहाने ही खूण केली की सचिव आणि अध्यक्ष दोघेही अडकतात.

सही झालेली फाइल पुन्हा ‘प्रिंट टू पीडीएफ’ करू नये, दुसऱ्या फाइलीत जोडू नये, आकार कमी करणाऱ्या संकेतस्थळावरून काढू नये. या तिन्ही क्रियांत मजकूर तसाच दिसतो, चौकटही दिसते, पण सही निघून जाते. एखाद्या अर्जासाठी आठ सातबारे एकाच फाइलीत जोडून मागितले असतील, तर जोडलेली फाइल तेवढ्यापुरती द्यावी आणि आठ मूळ फाइली वेगळ्या ठेवाव्यात. व्हॉट्सअॅपवरून पाठवताना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी; स्क्रीनशॉट म्हणजे दस्तऐवज नव्हे.

आलेल्या फाइलीची पडताळणी

डिजिटल स्वाक्षरी असलेली फाइल संगणकावर उघडली की आपल्याकडे बहुधा पिवळे प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ ही अक्षरे दिसतात. याचा अर्थ सही खोटी आहे असा नसून, सही देणाऱ्या साखळीवर विश्वास ठेवावा की नाही, हे त्या संगणकाला कोणी सांगितलेले नाही, एवढाच असतो. यावर सायबर कॅफेपासून बँकेपर्यंत सर्वत्र एकच उपाय सांगितला जातो : चौकटीवर उजवी टिचकी मारा, ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’ उघडा, ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’मध्ये जाऊन ‘ट्रस्ट’ या भागात ‘अॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ दाबा, मग ‘व्हॅलिडेट’ करा. हिरवी खूण येते आणि सर्वांचे समाधान होते. परंतु या पद्धतीने कोणीही स्वतःच तयार केलेल्या बनावट प्रमाणपत्रालाही हिरवी खूण मिळते, कारण विश्वास ठेवण्याची आज्ञा आपणच दिलेली असते. ती खूण दाबण्यापूर्वी त्याच खिडकीत डाव्या बाजूला दिसणारी साखळी वाचावी. सर्वांत वर ‘सीसीए इंडिया’ आणि पुढे वर्ष, म्हणजे भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र, त्याखाली परवानाधारक प्रमाणन संस्था आणि तळाशी सही करणाऱ्याचे नाव, असा क्रम असला पाहिजे. साखळीत एकच नाव असेल तर तेथेच थांबावे. अधिक चांगली रीत म्हणजे नियंत्रकांच्या अधिकृत संकेतस्थळावरून मूळ प्रमाणपत्र एकदाच उतरवून ते विश्वसनीय यादीत घालणे. त्यानंतर खऱ्या सह्या आपोआप तपासल्या जातात आणि खोट्या उघड्या पडतात. सातबाऱ्याच्या छापील प्रतीबाबत मात्र तिच्यावरील पडताळणी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर घालून पाहावा.

भाडेकरार : सहीनंतरही उरणारे काम

भाडेकराराच्या, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सच्या, व्यवहारात लोक सर्वांत जास्त फसतात. इंटरनेटवर ई-मुद्रांक व ओटीपीची सही असलेला अकरा महिन्यांचा करार घरबसल्या करून देणाऱ्या सेवा मिळतात आणि अनेक राज्यांत तो चालूनही जातो. महाराष्ट्रात तो पुरेसा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत अकरा महिने असली तरीही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणी सुविधेत आधारशी जुळणारे अंगठ्याचे ठसे आणि छायाचित्र घरीच घेतले जातात, मुद्रांक शुल्क ग्रास या राज्य शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवर भरले जाते आणि दुय्यम निबंधकाच्या डिजिटल स्वाक्षरीची फाइल मिळते. सहीची पद्धत बदलली तरी मुद्रांक शुल्क माफ होत नाही. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात इलेक्ट्रॉनिक नोंदही दस्तऐवजच आहे.

जतन आणि पुरावा

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद जपताना ती पुढेही उघडता आली पाहिजे, ज्या स्वरूपात तयार झाली, पाठवली किंवा मिळाली त्याच स्वरूपात (किंवा तीच माहिती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात) असली पाहिजे, आणि ती कोठून, कोठे व केव्हा आली याचा तपशील टिकला पाहिजे. म्हणून ज्या ईमेलबरोबर फाइल आली तो ईमेलही ठेवावा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर, हा नियम लहान संस्थेलाही परवडतो. पेन ड्राइव्ह कपाटात ठेवून वर्षानुवर्षे न उघडणे याला जतन म्हणता येत नाही. वर्षातून एकदा प्रत्येक संच उघडून पाहावा.

वाद न्यायालयात गेला तर फाइल सादर करण्याची रीत ठरलेली आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला होता का, हा वाद चित्रमुद्रणावर येऊन ठेपला. त्यातूनच अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये असा निर्णय दिला की, मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत पुरावा कायद्यात सांगितलेले, त्या नोंदीची खातरी देणारे लेखी प्रमाणपत्र (स्वाक्षरीचे नव्हे) अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : पहिला पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असून त्यांत फाइलीचे हॅश मूल्य, म्हणजे वर सांगितलेले गणिती सार, नमूद करावे लागते. महत्त्वाची फाइल मिळाली त्याच दिवशी तिचे एसएचए-२५६ या पद्धतीचे हॅश मूल्य काढून यादीत लिहून ठेवले तर पुढे प्रश्न उरत नाही. सेव्हन-झिपसारख्या मोफत साधनात उजव्या टिचकीवर हे मूल्य मिळते.

स्कॅन झाल्यानंतर कागद केव्हा नष्ट करावेत, हे पहिल्या यादीवरून ठरवावे. ज्यांची मूळ प्रत कागदी आहे ते खरेदीखत, भाग प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, सभांची सही केलेली इतिवृत्ते, हे ठेवावेतच. डिजिटल मूळ प्रतीवरून छापलेली बिले व पावत्या कापून टाकायला हरकत नाही. गृहनिर्माण संस्थेत असा निर्णय कार्यकारिणीच्या ठरावाने घ्यावा आणि काय नष्ट केले त्याची यादी इतिवृत्तात जोडावी.

कार्यकारिणी बदलते तेव्हा जुने सचिव कपाटाच्या किल्ल्यांबरोबर आपले टोकनही नव्या सचिवांच्या हाती देतात. ते प्रमाणपत्र व्यक्तीच्या नावाचे असते, पदाचे नव्हे, त्यामुळे नव्या पदाधिकाऱ्याने त्या टोकनने केलेली सही ही जुन्या पदाधिकाऱ्याच्याच नावाने उमटते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६सी नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. संस्थेच्या नावाचा उल्लेख असलेले जुने प्रमाणपत्र प्रमाणन संस्थेकडे अर्ज करून रद्द करून घ्यावे, नव्या पदाधिकाऱ्याने स्वतःच्या नावे नवे काढावे, आणि बँक व संबंधित शासकीय संकेतस्थळांवरील नोंद पदग्रहणानंतर लगेच बदलावी. हस्तांतरणाच्या यादीत संगणकाचे पासवर्ड, क्लाउड खात्याचा पुनर्प्राप्ती क्रमांक आणि तिन्ही प्रती कोठे आहेत हेही लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.